सोबतच्या छायाचित्रातील इसम

मी उस्तादाचा हात मोडला. उजवा हात, मनगटाच्या वर चार बोटं सोडून, बावीस नंबरच्या पान्यानं. मशीन चालू होती. तिच्या आवाजात शेजारचा माणूस ओरडला तरी कळत नाही, पण ते हाड मोडलेलं मला ऐकू आलं. हे आधीच सांगून टाकतो. पुढं माझ्या बायकोच्या आजाराचं लिहिणार आहे, ते वाचून कुणाला माझी दया येऊ नये.

शाळा माझी सहावीपर्यंत. लिहायला-वाचायला मी छापखान्यात शिकलो, खिळे जुळवता जुळवता, म्हणजे आधी उलटी अक्षरं आणि मग सुलटी. पुढं खिळे भंगारात गेले, मोठी मशीन आली आणि मी मशीनवर गेलो. नांदेडच्या एमआयडीसीत पत्र्याच्या शेडमध्ये आमची मशीन. पेपर सांजचा. लोकांना वाटतं पेपर म्हटला की रातपाळी. आमचं तसं नव्हतं. सकाळी अकराला मशीन पुसायची, दुपारी दोनला सुरू करायची, चारला गठ्ठे बाहेर. रात्रीचं जेवण घरी. म्हणून तर बायकोनं मला ही नोकरी सोडू दिली नाही.

उस्ताद म्हणजे आमचा फोरमन. उदगीरकडचा. त्याच्या खाली आम्ही पाच जण. दुपारी डबा उघडायच्या आधी तो प्रत्येकाला विचारायचा, "ऊटा आयता?" म्हणजे जेवण झालं का. कानडी आम्हाला येत नव्हती, तेवढं मात्र यायचं. एकदा मी मशीनच्या रुळावर ताणलेलं रबरी ब्लँकेट पुसत होतो. मशीन हळू फिरत होती. चिंधी अडकली आणि चिंधीबरोबर माझा हात आत निघाला. उस्तादानं लाल बटण दाबलं आणि माझे केस धरून मला मागं ओढलं. माझ्या दोन बोटांची टोकं आत राहिली आणि मूठभर केस त्याच्या हातात. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येऊन म्हणाला, "बोटं काय सापडली न्हाईत. केस ठेवलेत, पाहिजेत का?"

त्याच माणसाचा हात मी मोडला.

बायकोच्या किडन्या गेल्या तेव्हा आमचं सगळं आयुष्य एका कार्डावर आलं. कामगार विम्याचं कार्ड. पगारातून कापून जायचं, आणि त्यावर तिचं डायलिसिस फुकट व्हायचं, मंगळवारी आणि शुक्रवारी. नोकरी आहे तोवर कार्ड. नोकरी गेली की काही महिन्यांत कार्डही बंद. एवढा साधा हिशेब होता, तो तिला पण कळत होता. डॉक्टरांनी तिच्या डाव्या हाताच्या दोन नसा एकमेकींना जोडल्या होत्या, सुई घालायला. त्या जागेवर हात ठेवला की आत सारखी थरथर लागायची. मी कान लावून ऐकायचो. लांबून मशीन ऐकू यावी तसा आवाज. ती म्हणायची, "झालं का छापून? का अजून चालूच हाय?"

मी म्हणायचो, "चालू हाय."

आता पेपराचं सांगतो. आमच्याकडं माणूस काढायची एक रीत होती. काढल्याच्या दुसऱ्या दिवशी तिसऱ्या पानावर खाली चौकटीत त्याचा फोटो यायचा. त्याखाली लिहिलेलं, सोबतच्या छायाचित्रातील इसम आमच्या संस्थेत कार्यरत नाही, त्याच्याशी कसलाही व्यवहार केल्यास संस्था जबाबदार राहणार नाही. बाजूलाच निधनवार्ता असायच्या. मेलेला डावीकडं, काढलेला उजवीकडं. पहिला गेला तो जाहिरात गोळा करणारा. त्याची नोटीस मीच छापली. त्याच्या तोंडावर शाई जास्त बसत होती म्हणून मी शाईची किल्ली थोडी आवळली. निदान चेहरा तरी नीट यावा. दुसऱ्या दिवशी तो गेटवर उभा राहून मालकाला आईवरून शिव्या देत होता आणि वॉचमन त्याच्या पोटात काठी खुपसत होता.

पण ऑफिसात कुणाचे फोटो कुठं होते? म्हणून आधी फोटो मागायचे, नवीन ओळखपत्राच्या नावाखाली. पांढऱ्या पडद्यापुढं काढलेले, दोन-दोन प्रती. फोटो दिला की आठ-पंधरा दिवसांत माणूस चौकटीत. जाहिरातवाल्याचं असं झालं, मग दोन बातमीदारांचं झालं, मग हिशेबातल्या बाईचं झालं. तेव्हापासून ऑफिसात फोटो हा शब्द कुणी हसत काढीना. चहाच्या टपरीवर तर रोज कुणी ना कुणी काढला जायचा. कुणी म्हणायचं मालकाचा जावई लातूरच्या मशीनवर बसलाय, तो नांदेडची मशीन विकणार. कुणी म्हणायचं मॅनेजरला माणसामागं बक्षीस आहे. कुणी दाढी करून आला की दुसरा विचारायचा, "काय राव, फोटो काढायला चाललास का?" हसायचे सगळे. ज्याला म्हटलं तो हसायचा नाही.

या सगळ्या बातम्यांचं उगमस्थान एकच होतं, आमचा प्लेटवाला. पान कॉम्प्युटरवर तयार झालं की त्याची पत्र्याची प्लेट करणारा. त्याच्या खोलीची आणि मॅनेजरच्या केबिनची भिंत एक, आणि त्या भिंतीत जुन्या पंख्याचं भोक. पंखा कधीच काढून नेला होता, भोकाला पुठ्ठा लावला होता. हा पुठ्ठा बाजूला करून ऐकायचा. अर्धं ऐकायचा आणि उरलेलं आपल्या मनानं भरायचा. आम्हाला ते माहीत होतं. तरी दुपारी बाराला आम्ही त्याच्याकडंच जायचो.

एका सोमवारी उस्ताद मशीनवर आला आणि हात पुसत म्हणाला, "पाचही जणांनी दोन-दोन फोटो आणायचे. पांढरा पडदा. गुरुवारपर्यंत."

मग मीच विचारलं, "कशाला?"

"साहेबानं मागितलेत."

"तुमचा पण द्यायचाय?"

तो पाना उचलून दुसरीकडं ठेवत म्हणाला, "माझा न्हाई मागितला."

त्यानंतर तो शाईचा डबा उघडत बसला. नुसता उघडत बसला, अर्धा तास. मी तेव्हा त्याच्या तोंडाकडं पाहायला पाहिजे होतं. मी त्याच्या पाठीकडं बघत होतो.

प्लेटवाल्यानं त्याच दुपारी सांगितलं. "शनिवारी उस्ताद केबिनमधी होता, काका. साहेब विचारून राहिला होता, मशीनवरचे कोण कोण, नावं सांगा. उस्तादानं पाच नावं सांगितली. तुमचं पहिलं."

"पुढं?"

"पुढं फोन आला साहेबाला."

"उस्तादाचं नाव?"

"स्वतःचं कोण सांगतंय?"

बस. मला एवढं पुरे झालं. पाच जणांचे फोटो आणि एकाचा नाही. त्या एकानंच नावं दिलेली. आमच्या पेपरातल्या झाडूवाल्यानंसुद्धा यातून दुसरा अर्थ काढला नसता.

मी घरी काही सांगितलं नाही. मंगळवारी तिला डायलिसिसला घेऊन गेलो, चार तास बाहेर बाकड्यावर बसलो, आणि डोक्यात त्याला मारत बसलो. कुठं मारायचं, कशानं मारायचं. आधी नुसतं शिव्या द्यायचं ठरवलं होतं. मग थोबाडीत ठरलं. चौथ्या तासाला तो खाली पडला होता आणि मी त्याच्या छातीवर बसलो होतो. आतून नर्सनं हाक मारली, "काका, घ्या तुमच्या मंडळींना," तेव्हा माझ्या मुठी वळलेल्या होत्या आणि तळव्यात नखं रुतली होती. बायकोनं ते पाहिलं. म्हणाली, "कुणाशी भांडण झालं?"

"कुणाशी न्हाई."

"मग होणार हाय," ती म्हणाली.

बुधवारी मी फोटो काढला. फोटोवाला म्हणाला, काका थोडं हसा. मी हसलो नाही. गुरुवारी सकाळी ते दोन फोटो मी माझ्या हातानं उस्तादाच्या हातात दिले. त्यानं पाकिटात घातले आणि वर माझं नाव लिहिलं. मला म्हणाला, "चांगला आलाय." मला वाटलं, थुंकावं याच्या तोंडावर.

त्या दिवशी आम्ही आधी पुरवणी छापत होतो. मुख्य अंकाच्या प्लेटा यायच्या होत्या. मशीन जोरात होती. प्लेटवाला धावत आला, माझ्या कानाला तोंड लावून ओरडला, "तिसऱ्या पानाची प्लेट अडवलीय. खाली चौकट रिकामी हाय, काका. पाच फोटोंची."

"पाच?"

त्यानं हाताची पाच बोटं दाखवली.

उस्ताद घडीच्या बाजूला, जिथं पेपर दुमडून बाहेर पडतो तिथं, वाकून कागद बघत होता. कागद ढिला पडला होता, तुटायच्या बेतात होता. मी त्याच्या मागं गेलो आणि ओरडलो, "माझ्या बायकोचं काय?" त्यानं वळून पाहिलं नाही. नुसता उजवा हात वर केला, पंजा उघडा. मशीनवर आम्ही असंच बोलायचो. त्याचा अर्थ थांब. दिवसातून पन्नास वेळा तो असा हात करायचा आणि पन्नास वेळा मी थांबायचो.

त्या वेळी मी थांबलो नाही. पाना माझ्या हातात होताच. त्या वर केलेल्या हातावर मी घातला.

तो वळला. त्याच्या तोंडावर राग नव्हता, नवल होतं, आणि ते बघून माझं डोकं जास्त फिरलं. दुसरा घाव खांद्यावर बसला. तिसरा डोक्याकडं जात होता, पण कुणीतरी मागून माझ्या कमरेला मिठी घातली आणि पाना मशीनच्या पत्र्यावर आदळला. तेवढ्यात कागद तुटला. तुटलेला कागद आत गुंडाळत गेला आणि मशीन ठो ठो करायला लागली. उस्ताद डाव्या हातानं लाल बटण शोधत होता. हात मोडलाय आणि हा बटण शोधतोय. त्यानंच बंद केली मशीन.

शांत झाल्यावर त्याच्या तोंडून आवाज आला. माणसाचा आवाज नव्हता तो.

मग दोन वॉचमन आणि मॅनेजरचा ड्रायव्हर आले. त्यांनी मला शेडच्या बाहेर ओढलं आणि कागदाच्या रिळांच्या गाड्याजवळ पाडलं. बुटानं मारलं. एका वॉचमनबरोबर मी रोज चहा प्यायचो, तो जास्त मारत होता. मॅनेजरला दिसावं म्हणून मारत असेल, का त्यालाही कुणावर तरी काढायचं होतं, मला माहीत नाही. एक दात पडला. बरगडीत कळ आली ती अजून थंडीत येते. मॅनेजर पायरीवर उभा राहून मोबाईलवर शूटिंग करत होता. म्हणाला, "बघा काका, हे तुम्ही केलं. आम्ही काही केलं नाही."

उस्तादाला रिक्षात घालून नेलं. दवाखान्यात त्यानं डॉक्टरला सांगितलं, मशीनमध्ये हात आला. पोलिसात तक्रार दिली नाही. मॅनेजर दोनदा त्याच्याकडं जाऊन आला, तरी दिली नाही.

मी घरी गेलो तेव्हा ती भाकरी करत होती. डाव्या हाताला ताण द्यायचा नाही म्हणून उजव्यानंच थापायची, वाकडी व्हायची भाकरी. माझं तोंड बघून तिनं तवा उतरवला.

"कुणी मारलं?"

"वॉचमननी."

"तुम्ही कुणाला मारलं?"

मी सांगितलं. कशासाठी ते पण सांगितलं. कार्डाचं सांगितलं, म्हटलं, तुझ्यासाठीच डोकं फिरलं माझं. ती उठली आणि पिठाच्या हातानं तिनं माझ्या तोंडावर मारलं. सुजलेल्या गालावर. मग पुन्हा मारलं.

"माझं नाव घालू नका त्यात," ती म्हणाली. "मी आजारी व्हते का तेव्हा, जेव्हा मला मारत व्हता? तुमचा हात आधीपासून असाच हाय."

हे खरं आहे. तरुणपणी मी तिला मारलेलं आहे. एकदा-दोनदा नव्हे. भाजीत मीठ नाही म्हणून मारलं, माहेरी भोकरला दोन दिवस जास्त राहिली म्हणून मारलं. मग पोरी मोठ्या झाल्या आणि आपोआप थांबलं. मी कधी माफी मागितली नाही, तिनं कधी विषय काढला नाही. मला वाटलं होतं, विसरली असेल.

शुक्रवारच्या सांजेला पेपर आला. तिसरं पान, खाली उजवीकडं, मी. बुधवारी काढलेला फोटो. न हसलेला. सोबतच्या छायाचित्रातील इसम. शाई कमी पडली होती, अर्धा चेहरा पांढरा होता. मशीनवर त्या दिवशी धड माणूसच नव्हतं, म्हणून असं झालं असणार.

आणि माझ्या वरच्या बाजूला ती पाच फोटोंची चौकट होती. एक दिवस उशिरा आलेली. डॉक्टरकीच्या परीक्षेत पास झालेली पाच पोरं-पोरी, एका क्लासची जाहिरात. आमच्याकडं अशा जाहिराती निकालाच्या दिवसांत रोज असतात. मी स्वतः अशा हजारो छापल्या. फोटो यायला वेळ लागला की क्लासवाले चौकट रिकामी अडवून ठेवतात, हे मला माझ्या बापाच्या नावाइतकं माहीत होतं. त्या दिवशी आठवलं नाही.

रविवारी प्लेटवाला माझी कपड्यांची पिशवी घेऊन घरी आला. उंबऱ्याच्या आत येईना.

"काका, एक चूक झाली."

"काय?"

"ते फोटो माणसं काढायसाठी नव्हते. गेटपासचे होते. लातूरच्या मशीनचे. नांदेडची मशीन बंद होऊन राहिली, पाच जण लातूरला घेणार होते. पाच पास. उस्तादाला न्हाई घेणार. तिथं त्यांचा फोरमन हाय."

मला समजायला थोडा वेळ लागला. ज्याचा फोटो मागितला नाही, तो जाणार होता. ज्यांचे मागितले, ते राहणार होते. इतकी वर्षं फोटो मागणं म्हणजे मरण होतं, त्या एका वेळी उलटं होतं.

"तू भोकातून ऐकलं व्हतंस ना?"

"अर्धं ऐकलं व्हतं, काका."

मी त्याच्या दोन थोबाडीत दिल्या. त्यानं हात वर केले नाहीत. तिसरी द्यायला गेलो तर बायको आतून म्हणाली, "पुरे." प्लेटवाला तिथंच पायरीवर बसून रडला आणि मग गेला. पिशवी उघडली तर आत माझे कपडे, माझा डबा आणि तो बावीस नंबरचा पाना. मूर्खानं माझी वस्तू म्हणून आणून दिला.

ती सोमवारी एकटी रिक्षा करून उस्तादाच्या घरी गेली. मला येऊ दिलं नाही. त्याच्या बायकोनं दार उघडलं, पाणी दिलं, बसवलं, पण एक शब्द बोलली नाही म्हणे. उस्ताद आत झोपला होता. ही दोन तास बसून परत आली. नंतर ते लोक लेकीकडं लातूरला राहायला गेले.

उरलेले चौघे लातूरला कामाला लागले. माझा पास झाला नाही हे सांगायला नको. कार्ड काही महिने चाललं, मग बंद झालं. सरकारी योजनेत नंबर लावला, पण आठवड्याला दोनच्या जागी एक मिळायला लागलं, कधी मशीन बिघडलेली, कधी रांग मोठी. तिचे पाय सुजले, मग तोंड सुजलं. मी रांगेत माणसांना ढकललं आहे. एका म्हाताऱ्याला ढकलून पाडलं, त्याच्या सुनेनं मला चपलेनं मारलं. काउंटरची काच फोडली, त्याचे टाके हातावर आहेत. ह्याचा काही उपयोग झाला नाही. ती मला गाडीत म्हणायची, "तुम्ही घरी बसत जा. तुम्ही आलात की मलाच भीती वाटते."

शेवटच्या आठवड्यात ती दोनच गोष्टी बोलली. एक, पोरींना बोलवा. दुसरी, "उस्तादाकडं जा. स्वतः जा. मी जाऊन काय उपयोग, मी का मारलं त्याला?" मी हो म्हटलं. मी जाणार नव्हतो, हे तिलाही कळत होतं.

गेली तेव्हा माझा तळवा तिच्या डाव्या हातावर होता. थरथर कमी झाली, मग थांबली. मशीन बंद करताना शेवटी एक घरघर येते, तशी पण आली नाही. नुसती थांबली.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पोरी आपापल्या घरी गेल्या. मी तिची निधनवार्ता पेपरात दिली नाही. त्या पानावर मला तिला ठेवायचं नव्हतं.

मग एक दिवस मी पाना पिशवीत घातला आणि एसटीत बसलो. लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर. स्टँडच्या बाहेर विचारत विचारत गेलो. उस्ताद एका फळीवर पेपर विकत होता. आमचाच सांजचा पेपर, आता लातूरला छापलेला. उजवा हात वाकडा जुळला होता, मनगटाच्या वर बाहेरच्या बाजूला वळलेला. डाव्या हातानं गिऱ्हाइकाला पेपर द्यायचा. मला बघून त्यानं काही केलं नाही. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाला, "काय पाहिजे?"

मी पिशवीतून पाना काढून फळीवर ठेवला. त्याच्या शेजारी माझा उजवा हात ठेवला.

त्यानं पान्याकडं पाहिलं, हाताकडं पाहिलं. "ह्याची दोन बोटं तर आधीच गेलीत," तो म्हणाला. "आणि डाव्या हातानं माझा नेम लागत न्हाई."

"लागेल तिथं मारा."

"तुझी बायको कशी हाय?"

"गेली."

मागं एक एसटी हॉर्न वाजवत होती. बराच वेळ वाजवत होती.

"कधी?"

"उन्हाळ्यात."

"कार्ड बंद झालं म्हणून?"

मी मान हलवली.

तेव्हा तो बोलला. म्हणाला, "माझा फोटो न्हाई मागितला तेव्हाच मला कळलं व्हतं मी चाललो. साहेब म्हणाला, बोंब मारलीस तर पाचही जातील. मी गप बसलो. तुझं नाव पहिलं सांगितलं, म्हटलं ह्याची बायको आजारी हाय, ह्याला आधी घ्या. चार दिवस मी तुमच्यासमोर तोंड बंद करून काम केलं. माझी भाकरी गेली तर गेली, तिचं चालू राहील, म्हटलं. आन तू ते बंद पाडलंस."

"मला माहीत नव्हतं."

"विचारलं असतं तर सांगितलं असतं का मी?" तो म्हणाला. "न्हाई सांगितलं असतं. पण तू विचारलं कधी? मागून येऊन ओरडलास."

त्यानं डाव्या हातानं पाना उचलला. पहिला घाव फळीवर बसला, माझ्या हाताच्या बाजूला. पेपर उडाले. रस्त्यावरची दोन माणसं थांबली. दुसरा घाव माझ्या अंगठ्यावर बसला. मी हात काढला नाही. डोळ्यांपुढं पांढरं झालं आणि तोंडात रक्त आलं, जीभ चावली गेली होती. त्यानं तिसरा मारला नाही. पाना फळीवर ठेवला आणि खाली बसून एका हातानं पेपर गोळा करायला लागला. मी पण बसलो, डाव्या हातानं गोळा करायला लागलो. दोघं डाव्या हातानं. तो माझ्याकडं बघत नव्हता.

"ऊटा आयता?" असं त्यानं विचारलं नाही. मला वाटलं होतं, विचारेल. सगळे पेपर फळीवर रचून झाले तेव्हा तो म्हणाला, "जा आता. परत येऊ नको." पाना त्यानं ठेवून घेतला, पेपरांवर वजन म्हणून.

अंगठ्याचं नख काळं पडलं. परतीच्या गाडीत ते हृदयासारखं ठणकत होतं आणि मी ते दाबून धरलं होतं, अहमदपूर येईपर्यंत. मला बरं वाटत होतं. महिन्याभरानं नख गळून पडलं, खालून नवं आलं, आधीच्यासारखंच, साफ. मला वाटलं होतं, तेवढं तरी राहील.